देवापुढे ठेवलेला मेणाचा तुकडा

माझ्या लेकीच्या हाडाचा कण तपासणीसाठी मेणात बसवून माझ्या हातात दिला, तेव्हा तो घ्यायचीसुद्धा मला भीती वाटली. बर्फीच्या वडीपेक्षा लहान, पांढरट तुकडा आणि मधोमध करडा ठिपका. यवतमाळच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईनं तो प्लास्टिकच्या पुडीत घातला, काचेच्या पट्ट्यांसोबत पाकिटात टाकला आणि ती म्हणाली, "नागपूरच्या लॅबमध्ये तुम्हालाच नेऊन द्यावा लागेल. जपून न्या." जपून न्या म्हणे! मी तर श्वाससुद्धा जपून घेत होते.

लेक वीस वर्षांची. आर्णीहून यवतमाळला कॉलेजला जाते-येते. हिवाळ्यापासून गुडघा दुखतो म्हणायची आणि मी म्हणायची, स्कूटी कमी फिरव, मोबाईल कमी बघ. मग सूज आली, एक्स-रे काढला, तर गुडघ्याच्या वरचं हाडाचं टोक आतून पोखरलेलं. सुईनं हाडाचा कण काढून बायोप्सी केली, त्यानंतर डॉक्टर म्हणाले, दोन शक्यता आहेत. एक म्हणजे जायंट सेल ट्यूमर, हाड खाणारी पण सहसा जीवावर न उठणारी गाठ. दुसरी म्हणजे हाडाचा वाईट कॅन्सर. सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून हिस्टोन नावाच्या प्रथिनात एक विशिष्ट बदल आहे का, ते त्या मेणातल्या तुकड्यावर तपासायचं.

हिस्टोन! अहो, मी बारावीला बायोलॉजी शिकवते. दरवर्षी वर्गात सांगते, शिलाई मशीनच्या रिळावर दोरा गुंडाळतात तसा पेशीतला डीएनएचा धागा हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळला तिथली सूचना पेशीला वाचता येत नाही, सैल केला की येते. रीळच बिघडलं तर नको ते उघडं पडतं, हवं ते बंद राहतं, आणि पेशी आपलं काम सोडून नुसती वाढत सुटते. एवढं सगळं मला पाठ. पण डॉक्टरांसमोर माझी बोबडी वळली. बदल सापडणं चांगलं की न सापडणं चांगलं, एवढा साधा प्रश्नही मी विचारला नाही. माझं मीच ठरवून टाकलं, बदल म्हणजे कॅन्सर. तेव्हापासून एकच घोकत होते, सापडू नये, सापडू नये.

घरी मात्र सगळे हसरे चेहरे लावून फिरत होतो. लेकीसमोर मी भाजीत मीठ जास्त झालं यावरून भांडले, तिच्या बाबांनी सोयाबीनच्या बियाण्याच्या गोष्टी काढल्या. तीही खिदळत होती. "मम्मी, लंगडी झाली तं लग्नाचं टेन्शन गेलं तुमचं," म्हणाली. मी तिला चापट मारली आणि न्हाणीत जाऊन रडले.

मेण घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं निघायचं होतं. टेबलावरचं पाकीट उचललं तर आत काचेच्या पट्ट्या, मेण गायब. उशा उलथ्या केल्या, डबे उघडले, आणि मग देव्हाऱ्याकडे नजर गेली. समईच्या बुडाला टेकवलेली पुडी, तिच्यावर कुंकवाचं बोट. समई पेटलेली. मेणाचा एक कोपरा वितळून पुडीला चिकटला होता.

आमच्या घरी सासूबाईंच्या शिस्तीनं महत्त्वाची वस्तू आधी देवापुढे ठेवतात. परीक्षेचं हॉल तिकीट, गाडीची चावी, पेरणीच्या आधी बियाण्याची थैली, माझ्या नोकरीची ऑर्डरसुद्धा. मी थट्टा करायची, अडवायची नाही. त्या सकाळी मात्र माझा तोल गेला.

"आई, थे काय पेढा आहे काय देवाले दाखवाले? पोरीचं हाड आहे त्यात! वितळून गेलं तं पुन्हा तिच्या पायात सुई खुपसू द्याल तुम्ही?"

सासूबाई फुलांची परडी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मीच ठेवलं वं बाई. चुकलं माह्यं," एवढंच बोलल्या. एरवी माझ्या एका शब्दाला चार ऐकवणाऱ्या बाई.

"आता चिल्लावून काय होते?" मुलीचे बाबा म्हणाले. "बस निघून जाईन."

लेक दाराला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. पाय दुखत असेल असं मला वाटलं.

मे महिना. बसच्या खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. फ्रीजमधला बर्फ पिशवीत बांधला, त्यावर पुडी, आणि सगळं स्टीलच्या डब्यात. नागपूरपर्यंत डबा मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "डब्यात काय आहे वं?" मी म्हटलं, औषध. लॅबमधल्या मुलीनं पुडी उजेडात धरली, कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते कापसानं पुसून टाकलं. "वरचं मेण गेलंय, आतला तुकडा ठीक दिसतो. नवीन मेण ओतून घेऊ," म्हणाली. मी तिथल्या बाकावर बसूनच घेतलं.

रिपोर्ट आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. फोनवर उघडला. हिस्टोनमधला बदल: पॉझिटिव्ह. सापडला! तिथंच इंटरनेटवर शोधलं, आणि पहिलं काय दिसावं, तर लहान लेकरांच्या मेंदूतला ट्यूमर. याच हिस्टोनमधल्या चुकीमुळे होणारा, ज्यावर धड इलाज नाही असा. मुलीच्या बाबांना फोन करून इतकंच म्हटलं, "मले घ्याले या."

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. दुपारभर आम्ही पुढच्या खोलीत फोन मधे ठेवून बसलो. कूलरच्या आवाजात रिंग ऐकू येणार नाही म्हणून सासूबाईंनी कूलर बंद केला. घामाच्या धारा लागल्या, पण कोणी पंख्याकडेही पाहिलं नाही.

शेवटी फोन आला. "मॅडम, हा बदल सापडला हे चांगलं झालं," डॉक्टर म्हणाले. मला खरंच वाटेना. त्यांनी सावकाश समजावलं. मेंदूच्या त्या ट्यूमरमध्ये चूक हिस्टोनच्या सत्ताविसाव्या जागी असते. इथे आहे चौतिसाव्या जागी. या चुकीनं हाड बनवणाऱ्या पेशी अर्धवटच राहतात, मोठ्या होत नाहीत, आणि हाड खाणाऱ्या पेशींना बोलावून घेतात. ही खूण जायंट सेल ट्यूमरची. वाईट कॅन्सरमध्ये ती सहसा नसते. ती सापडली नसती तर काळजी वाढली असती.

सासूबाई फोनकडे वाकल्या. "डॉक्टरसाहेब, आमच्या घराण्यातून तं नाही आलं न हे?"

"नाही आजी. ही चूक फक्त त्या गाठीतल्या पेशींमध्ये झाली. कोणाकडून आली नाही, पुढे कोणाला जाणार नाही."

हाड खरवडून सिमेंट भरावं लागणार होतं. गाठ परत येऊ शकते, क्वचित फुफ्फुसात जाते, म्हणून नजर ठेवावी लागेल, असंही ते म्हणाले. ती धास्ती आजही गेलेली नाही. दर एक्स-रेच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही.

फोन ठेवला तशी लेक म्हणाली, "मम्मी, तू आजीले उगाच बोलली. थे मी ठेवलतं. आजीनं दिवा लावला तवा तिले दिसलंही नसन."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदरानं घाम पुसत होत्या. "लेकराले बोलली असती तू," म्हणाल्या. मी त्यांचे पाय धरले.

"काहून ठेवलं वं तू?" मी लेकीला विचारलं.

"भेव लागून राह्यलतं मले. तुम्ही सगळे हसत होते. मंग मी कोणाले सांगू?"

"अन् काय मागतलं देवाले?"

"म्हटलं, जे असन थे दिसू दे. लपू नको देऊ."

आणि मी इतके दिवस रोज उलटं मागत होते. माझंच ऐकलं गेलं असतं तर? मी तिला ओढून असं कवटाळलं की ती ओरडलीच, "मम्मी, गुडघा!"