अठरा दिवसांनी मोठी

सामना सुरू व्हायच्या आधी दामागुरुजी मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर बसत आणि एकेका मुलीच्या बुटाच्या नाड्या स्वतः बांधत. सोळा-सतरा वर्षांच्या घोड्या झाल्या तरी! मुली लाजायच्या, "गुरुजी, येतं आमाला," म्हणायच्या. पण ऐकतील ते गुरुजी कसले. दोन गाठी, वर तिसरी. मग उठून गुडघे झटकायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे, "आधी घाबरून घ्यायचं, मग खेळायचं. मधेच घाबराल तर बॉल जाईल. हाय का नाय?" खरं म्हणजे तिथे सगळ्यांत जास्त घाबरलेले तेच असत. त्यांच्या सदऱ्याची पाठ सामन्याआधीच ओली झालेली मी कितीदा पाहिली आहे.

कर्जत तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत आम्ही बरोबर होतो. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. त्यांचं गाव भिवपुरीजवळचं. वीजकेंद्राच्या कॉलनीत लहानपणी त्यांनी साहेबलोकांच्या मुलांना फुटबॉल खेळताना पाहिलं, कुंपणाबाहेर आलेला बॉल परत देता देता स्वतः शिकले, आणि पुढे मास्तर झाल्यावर ते वेड आमच्या गावात घेऊन आले. मैदान कुठलं असायला! भात कापून झालं की रिकामी खाचरं हेच मैदान. चौथी होऊन गेलेल्या मुलीही संध्याकाळी तिथेच येत. बांधापलीकडे बॉल गेला की थ्रो. कापलेल्या भाताची खुंटं तळपायाला टोचायची. गुरुजी म्हणायचे, "इथं ज्याला बॉल थांबवता आला, त्याला कुठंही येतंय."

काळजी करण्यात मात्र या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा रसायनीला सामना होता, सकाळी दहाचा. टेंपो उशीर करील म्हणून यांनी आम्हाला पाचला निघायला लावलं. पोचलो तेव्हा मैदानाचं फाटक उघडायला वॉचमनसुद्धा आला नव्हता. रस्त्याकडेला बसून मुलींनी दुपारच्या भाकऱ्या सकाळीच संपवल्या आणि पोट जड होऊन पाच गोलांनी हरल्या. "भाकरीनं घात केला," गुरुजी म्हणाले. मी म्हटलं, "भाकरीनं नाही, तुमच्या घड्याळानं केला." आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

सानिका याच खाचरांत तयार झाली. पहिलीत आली तेव्हा नाक गळणारी, किडकिडीत पोर. पुढे बॅक म्हणून गोलासमोर अशी उभी राहायला लागली की समोरची मुलगी आपोआप दुसऱ्या बाजूने जाऊ लागे. जिल्हा झाला, राज्य झालं, आणि एक दिवस बातमी आली, आशिया खंडातल्या मुलामुलींचे जे मोठे खेळ भरतात, त्यांतल्या फुटबॉलसाठी देशाच्या मुलींच्या संघात सानिका! गुरुजी माझ्या वर्गात आले आणि खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "बाई, परदेशात तिला आमटीभात मिळंल का वो?"

परदेशी जाण्याआधी सानिका शिबिरातून दोन दिवस घरी आली, तेव्हा गावाने सत्कार ठेवला. नाक्यावर बॅनर, शाळेच्या पटांगणात मांडव, पेढे. तिची आजी, म्हणजे आईची आई, खालापूर तालुक्यातल्या आपल्या गावाहून आली होती. म्हातारीला कुणीतरी माइक दिला. ती हौसेने सांगू लागली, "लेक बाळंतपणाला माझ्याकडं आलेली. आमच्या खळ्यावर झोडणी चालली होती. भाताच्या राशीवरून उठून मी सुईणीला बोलवाया गेलते. अशी ही आमची झोडणीतली पोर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या गुरुजींच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "भाताची झोडणी जूनमध्ये होते का?"

गावाकडच्या शाळेत शिकलेल्याला सांगायला नको. पोर दाखल करायला बाप येतो. जन्मतारीख विचारली की डोकं खाजवतो, "लिवा गुरुजी तुमीच काय ती." मग गुरुजी लिहितात एक जून, आणि साल असं की पोर बरोबर सहा वर्षांचं व्हावं. आमची निम्मी शाळा एक जूनला जन्मलेली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सानिकाचा बापही असाच आला होता. गुरुजींनी एक जून लिहिलं, मी शेजारी बसून नावं वाचून दाखवत होते. पुढे दाखल्यावर, आधारवर, पासपोर्टवर तीच तारीख उतरत गेली. आणि या खेळांचा नियम असा की गुरुजींनी लिहिलं त्याच सालच्या एक जानेवारीला किंवा नंतर जन्मलेल्या मुलींनीच खेळायचं. झोडणी होते दिवाळीनंतर; ती त्या जूनच्या आधीची असेल तर आदल्या सालातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटीवर मागे बसून गुरुजी खालापूरच्या त्या गावी आले. वाटभर "हळू चालवा बाई" एवढंच म्हणत होते. ग्रामसेवकाने जन्माची जुनी वही काढली. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा. स्त्री. पुढे सानिकाच्या आईचं नाव. तारीख डिसेंबरातली. गुरुजींनी एक जानेवारीपर्यंत बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"अठरा दिवस," ते म्हणाले. "अठरा दिवसांनी मोठी हाय."

परतताना एका टपरीवर आम्ही थांबलो, आणि मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. अहो, वय ठरवायला मनगटाचा फोटो काढतात, त्यात कुणाला अठरा दिवस दिसतात का? तिच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, ती पास झालीय! ही वही कोण उघडायला बसलंय? गुरुजी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमी म्हणता ते पटतंय मला. रात्रभर मी तेच म्हणत होतो. पण बाई, हा कागद इथं पडून राहणार. ज्या पोरीला हिच्यापायी काढली, तिच्या घरच्यानं उद्या येऊन काढला तर? सगळ्या संघाचे सामने बाद करतील. पोरीच्या कपाळावर खोटारडी म्हणून शिक्का बसंल. आता सांगितलं तर शिक्का माझ्या कपाळावर. माझं काय, सहा महिन्यांत निवृत्त होतोय."

"आणि तिचं स्वप्न?" मी विचारलं.

चहा तसाच ठेवून ते उठले.

फुटबॉल संघटनेला खरी तारीख कळवणारं पत्र पाठवण्याआधी मात्र ते सानिकाच्या घरी गेले. मी बरोबर होते. नसते तर बरं झालं असतं. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. गुरुजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाप आधी समजेना, समजलं तेव्हा भडकला. "तुमीच लिवलं ना गुरुजी? मग आता तुमीच गप बसा ना!"

"मीच लिवलं. म्हणूनच आलोय," गुरुजी म्हणाले.

आई पदराने तोंड झाकून रडायला लागली. सानिका रडली नाही. ती गुरुजींसमोर येऊन उभी राहिली. आता ती त्यांच्यापेक्षा उंच होती.

"तवा माझ्या आयला का नाय विचारलं?" ती म्हणाली. "घर शाळेच्या मागं. एक हाक मारायची होती. मी ही आशाच धरली नसती."

गुरुजी काय सांगणार होते? आणि मी तरी काय सांगणार होते? तिला शाळेत घातलं त्या दिवशी वहीसमोर मीही बसले होते. मलाही हाक मारता आली असती.

पत्र गेलं. सानिकाच्या जागी दुसरी मुलगी गेली. शिक्षण विभागाकडून गुरुजींना खुलासा मागवणारी नोटीस आली. त्यांनी एका ओळीत उत्तर लिहिलं, "नोंद मी केली, चूक माझी आहे." गावात कुणी त्यांच्याशी धड बोलेना. किराणावाला सामान देई, पण "या गुरुजी" म्हणणं त्याने बंद केलं. खाचरात संध्याकाळी सात-आठ मुली येत, गुरुजी शिट्टी वाजवत. सानिका फिरकत नव्हती. मी अजूनही त्यांच्यावर रागावलेली होते. आज विचाराल तर सांगते, त्यांच्या जागी मी असते तर गप्प बसले असते. आणि मग जन्मभर सुखाने झोपले असते का, ते मला माहीत नाही.

आपल्या देशाच्या मुलींचा पहिला सामना होता त्या दुपारी मी गुरुजींकडे गेले. घरात टीव्ही बंद. गुरुजी पाटावर बसून उगाच बुटांना पॉलिश करत होते. दाराशी सावली पडली. सानिका! चप्पल काढून आत आली, कुणाकडे न बघता डब्याला टेकवून मोबाइल उभा केला, आणि गुरुजींच्या शेजारी जमिनीवर बसली. सामना चालू झालेला होता.

"पाच नंबर," ती म्हणाली. "माझ्या जागी आलीय ती. डावा पाय चांगला हाय तिचा."

गुरुजींनी मान हलवली. ब्रश हातातच राहिला. माझं लक्ष सामन्याकडे नव्हतं, या दोघांकडे होतं. अर्धा तास झाला. मग समोरची एक चपळ मुलगी कडेने आत घुसली, पाच नंबर एक पाऊल उशिरा वळली, आणि बॉल जाळ्यात.

"हा मी अडवला असता," सानिका म्हणाली.

मला वाटलं, आता गुरुजी काहीतरी समजुतीचं बोलतील, पुढच्या वर्षीचं, मोठ्या संघाचं. ते तिच्याकडे वळले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"अडवला असतास, बाय," ते म्हणाले. "तो तुझाच बॉल होता."