पाच शून्यं

स्कूटरचा मीटर दुरुस्त करून आणताना मी नवऱ्याची जन्मभराची धाव पुसून टाकली, एवढी मी तेव्हा हुशार! ग्रीसचा वास आला की अजून तो दिवस आठवतो. मीटर नव्व्याण्णव हजार किलोमीटरांवर अडकलेला. लाख भरले की पाचही आकडे एकदम शून्य होतात, ते ह्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. पण दुखण्यानं ह्यांनी अंथरूण धरलं. मी परस्पर बाळीवेशीतल्या मिस्त्रीला गाठलं, "अगदी नव्यासारखा करा की!" म्हटलं. त्यानं मीटरमधलं झिजलेलं चाक बदललं आणि सगळे आकडे शून्यावर आणले. मिरवत स्कूटर दारात लावली, ह्यांना धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. हे मीटरवरची शून्यं एकेक करून मोजू लागले, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आता म्हातारपणी मी त्या शहाणीला हसते, पण त्या दिवशी रडू लपवायला मान वळवली तेव्हा हे हळूच म्हणाले, "अगं, लाख भरले की! आता उतरतो मी."