उजवीकडचा लाईट

आमच्या घरची स्कूटर आईच्या हातानं वळायची. चालवायचे बाबा, पण वळण आईचं. चौक जवळ आला की मागच्या सीटवरून ती मान वळवून मागची गर्दी बघायची, उजवा हात लांब करून वरखाली हलवायची आणि तरीही कुणी घुसलाच तर ओरडायची, "काहून गा, हात दिसत नाही का तुले?" रस्ता मोकळा झाला की बाबांच्या पाठीवर एक थाप. थाप मिळाली की बाबा बिनघोर वळायचे. साडीत एका बाजूला पाय सोडून बसलं की उजवीकडे हात देता येत नाही, म्हणून आईनं पन्नाशीत पंजाबी ड्रेस घालायला सुरुवात केली. नातेवाईक कुजबुजले. तिनं काही मनावर घेतलं नाही.

बाबांनी मागं कधी बघितलं नाही. आरसे गल्लीत अडकतात म्हणून गाडी नवी असतानाच काढून माळ्यावर टाकलेले. इंडिकेटरला आमच्याकडे लाईट म्हणतात, तो लाईट बाबांनी कधी दिला नाही. "तुझी आई आहे ना मांगं," एवढंच उत्तर. डावीकडे वळताना तर आईही हात देत नसे. डावी बाजू आपलीच असते, तिकडे वळायला कुणाची परवानगी कशाला, असा बाबांचा कायदा होता, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या नागपूरचा तोच कायदा आहे.

मी मात्र लायसन्ससाठी नियमांचं पुस्तक पाठ केलेली बाई. लाल सिग्नलला पांढऱ्या पट्टीच्या मागं थांबते आणि मागच्यांचे हॉर्न खाते. कुणी राँग साइडनं आला की गाडी आडवी लावून त्याला ऐकवते. बाबा म्हणायचे, "आली आमची आरटीओ." मला राग यायचा. अजूनही येतो, पण आता तो कुणावर काढावा हे कळत नाही.

आई साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. त्यानंतर बाबा लकडगंजला मित्राच्या प्लायवूडच्या दुकानात बसायला जाऊ लागले. नंदनवनमधल्या आमच्या घरापासून ते काही लांब नाही, तरी त्यांना पोचायला फार वेळ लागायचा. एकदा मित्रानंच मला फोन करून विचारलं, तेव्हा मी बाबांना छेडलं. ते आधी उडवाउडवी करत राहिले, मग म्हणाले, "उजवीकडे वळणं जमून नाही राहिलं वं." चौकात ते थापेची वाट बघायचे. थाप यायची नाही. मग सरळ पुढे जायचे, पुढच्या चौकात डावीकडे, मग परत डावीकडे, आणखी एकदा डावीकडे, असा अर्ध्या पूर्व नागपूरला फेरा घालून दुकानात पोचायचे. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं.

पण असं किती दिवस चालणार? एक दिवस ते तसेच, न बघता, उजवीकडे वळतील आणि मागून येणारी एखादी बस त्यांना घेऊन जाईल, ही भीती माझ्या मनात बसली ती बसलीच. मी चावी लपवली. बाबा दोन वेळा जेवले नाहीत. "मले घरात कोंडून राहिली काय वं? तुझी आई गेली, आता गाडी बी घेऊन घे." दुकान आणि रविवारचं बुद्धविहार, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. ते काढून घेतलं तर हा माणूस पलंगावर पडून संपेल, हे मला दिसत होतं. मी चावी परत दिली.

दिली ती माझ्या अटीवर. माळ्यावरचे आरसे पुसून बसवले. रविवारी सकाळी विहारामागच्या मैदानात त्यांना लाईट द्यायला शिकवलं: बटण उजवीकडे सरकवायचं, वळायचं, मग मधोमध दाबून बंद करायचं. पहिले दोन धडे बाबांनी चटकन उचलले. तिसरा काही केल्या डोक्यात राहीना. आईचा हात वळण संपलं की आपोआप मांडीवर परत यायचा, तो बंद करायची जबाबदारी त्यांच्यावर कधी पडलीच नव्हती. त्यात कान अधू, त्यामुळे लाईटची टिकटिक ऐकू यायची नाही. लकडगंजहून येताना एका चौकात उजवीकडे वळावं लागतं. तिथं दिलेला लाईट घरच्या फाटकात शिरेपर्यंत चालू असायचा.

शेजारी हसायचे. मी फाटकातून ओरडायची, "बाबा, लाईट!" बटणावर लाल टेप चिकटवली, हँडलवर चिठ्ठी लावली, भांडून बघितलं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "राहिला चालू तर काय बिघडते? लोकं दूर तरी राहतात." आता तरी ते उजवीकडे नीट वळतात, बघून वळतात, याच समाधानात मी होते.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकू धावत आल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गर्दी होती. बाबा रस्त्याच्या कडेला बसले होते, कोपर खरचटलेलं, चष्मा हातात. जिवंत होते. मी त्यांना चाचपून बघितलं आणि सगळ्या देवांचे आभार मानले, आमच्या घरात देव मानत नाहीत तरी. मग मला पलीकडची मोपेड दिसली. सिमेंटच्या रस्त्याची कड आणि बाजूला बसवलेले सिमेंटचे ठोकळे, म्हणजे गट्टू, यांच्यामध्ये जी खाच असते, तिच्यात चाक अडकून ती पडली होती, आणि मागून आलेला टेम्पो तिच्यावरून गेला होता. चालवणाऱ्या मुलीला लोक रिक्षात घालत होते. तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि त्याचा पट्टाही लावलेला होता. पाय माझ्यानं बघवला नाही.

गर्दीचा निकाल तयार होता. "डाव्या बाजूनं काढून राहिली होती ना ती. आजकालच्या पोट्ट्या! काकांची काय चूक?" एकजण तर बाबांना पाणी पाजून धीर देत होता. बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी तर लाईट दिला होता." आडव्या पडलेल्या स्कूटरवर तो अजून उघडझाप करत होता.

पोलीस चौकीतही तेच सुरू झालं. हवालदार वयाला मान देणारा होता. म्हणाला, "काका, लाईट दिला होता ना?"

"दिला होता साहेब."

"कोणता?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं, गर्दी आमच्या बाजूनं होती. पण पुढचा उजवीकडचा लाईट देत असेल तर त्याला डावीकडून ओलांडायचं, हे पुस्तकात छापलेलं आहे. ते मला पाठ होतं. त्या मुलीलाही पाठ असणार, म्हणून तर ती तशी गेली. "उजवा," मी म्हणाले. "आणि वळले डावीकडे, आमच्या गल्लीत. चूक यांची आहे." हवालदारानं पेन थांबवलं. बाबांनी मान खाली घातली.

तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. केस चालू आहे, वकील म्हणतात भेटायला जाऊ नका. बाबांनी ऐकलं नाही. गाडी त्यांनी पुन्हा मागितली नव्हती. मी त्यांना ऑटोनं नेलं.

तिचं घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे निघालं. दार तिच्या आईनं उघडलं. आम्ही कोण ते कळल्यावर ती बाई दारातच उभी राहिली, या म्हणाली नाही. आतून मुलीचा आवाज आला, "येऊ दे वं आई." पलंगावर बसली होती, चादर कमरेपर्यंत. बाबांनी हात जोडले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं, वाटेत ऑटोत ते पुटपुटत होते.

पण आधी तिनंच विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. "काका, लाईट तर उजवीकडचा होता. तुम्हाले जायचं कुठं होतं?"

"घरी," बाबा म्हणाले. "घरीच जायचं होतं बेटा."

तिनं त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. "मले बी घरीच जायचं होतं, काका," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.