टाळांचे बटण

येळ्ळूर गावचा भावकू रविवारी दुपारी सायकलवरून शहरात, कॅम्पातल्या आमच्या घरी यायचा. पिशवीत माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा असत आणि एक कॅसेट. माझ्या यजमानांनी हौसेने घेतलेले दोन मोठे स्पीकर त्यांच्या माघारी बंदच पडले होते. ते भावकूने दुरुस्त केले आणि संकोचत विचारले, "बाई, हेच्यावर माझी एक कॅसेट लावून बघू काय?" तेव्हापासून हा क्रम सुरू झाला.

तो उद्यमबागेतल्या कारखान्यांपैकी एका फौंड्रीत कामाला होता. ओतलेले लोखंडी भाग यंत्रावर घासून साफ करायचे, हे त्याचे काम. संध्याकाळ मात्र गावच्या भजनी मंडळाची. चार माइकांचे आवाज एकत्र करणारा पत्र्याचा डबा त्याने स्वतः जोडला होता. त्यावर चार बटणे: गाणाऱ्याचे, पेटीचे, पखवाजाचे आणि टाळांचे. गुरुवारी देवळात भजन सुरू झाले की कानाला हेडफोन लावून तो ही बटणे कमीजास्त करी आणि जे जमेल ते थेट कॅसेटवर उतरे. मागाहून काही बदलता येत नसे. चूक सुधारायची ती पुढच्या गुरुवारी.

म्हणून तो प्रत्येक कॅसेट मंडळाला ऐकवून विचारायचा, "काय वाटलं ते बोला, गोड बोलू नका."

गोड कोणी बोलतच नसे. मुख्य गाणारे मारुतीराव म्हणत, "माझा आवाज हिरीतनं आल्यागत वाटतोय." पखवाजवाला गुंडू विचारी, "मी त्या दिवशी आलतो न्हवं रं भजनाला? का पखवाज घरीच ठिवून आलतो?"

भावकूला राग येत नसे. "परत्येकजण आपलंच ऐकतंय, बाई," तो मला हसत सांगे. "म्हणून इचारायचं सगळ्यास्नी, आन मानायचं निम्मं."

एका बाबतीत मात्र सगळ्यांचे एकमत होते. टाळ कानात टोचतात. टाळकरीसुद्धा हेच म्हणत. ही गोष्ट काही भावकू मानायला तयार नव्हता.

त्र्याऐंशी साली गावच्या यात्रेत कर्ण्यावर मंडळाचीच कॅसेट लावायचे ठरले. इतकी वर्षे भावकू ज्याची वाट बघत होता ते हेच. पण मारुतीरावांनी त्याला बजावले, "टाळ असंच टोचणार असतील तर कोल्हापूरचा माणूस आणू. मग रुसू नको."

त्या रविवारी तो बायकोला, जयाबाईला घेऊन आला. कॅसेट ऐकून मी म्हटले, "भावकू, टाळ फार पुढे येतात. कॉन्व्हेंट शाळेच्या क्वायरमध्ये एकत्र गाताना आम्ही उंच पट्टीवाल्या मुली वरचढ झालो की आमच्या सिस्टर तळहात असा खाली दाबीत. तसे कोणीतरी इथे करायला हवे."

"तुमीबी तेच म्हणताय? आवो, मी दर खेपेला टाळ वाढवतोय, तरी दबल्यातच."

भिंतीवर यजमानांच्या फोटोमागे चिमणीचे घरटे होते. जयाबाई म्हणाली, "जरा बंद करा वो ते. पिल्लं लई कलकल कराय लागल्यात, काय ऐकू देईनात."

भावकूने कॅसेट थांबवली. "कुठली पिल्लं?"

आता तर खोलीत पिल्लांच्या कलकलाटाशिवाय दुसरा आवाज नव्हता. जयाबाईने फोटोकडे बोट केले. चिमणी चारा घेऊन आली होती. भावकू फोटोखाली जाऊन वर बघत उभा राहिला.

"तोंडं उघडल्यात," तो म्हणाला. "वरडाय लागल्यात काय?"

"व्हय. मघापासनं."

तो खुर्चीवर येऊन बसला. "म्हंजे टाळांचंबी असंच हाय," एवढेच बोलला. फौंड्रीतल्या त्याच्या खात्यातले सगळेच मोठ्याने बोलत. यंत्रांच्या गोंगाटाची सवय, असे आम्ही समजत होतो. मी चहा करायला उठले.

चहा घेऊन आले तर दोघांची जुंपलेली.

"टाळांचं बटण मी धरीन म्हणतेय ना, मग?" जयाबाई म्हणत होती.

"भजनात बाईमाणूस हेडफोन लावून बसणार? मंडळी हसतील."

"हसू द्यात. टोचून घेण्यापरीस बरं."

गुरुवारी मी मुद्दाम बसने येळ्ळूरला गेले. जयाबाई डोक्यावरच्या पदरावरून हेडफोन लावून नवऱ्याशेजारी बसली होती. गुंडूने लगेच साधून घेतले, "वैनी, पखवाजबी जरा वाढीवा की."

"ते बटण त्यांच्याकडं हाय, भावजी."

भजन रंगले. भावकूचा हात दोनदा टाळांच्या बटणाकडे गेला. दोन्ही वेळा तिने न बघताच तो बाजूला सारला.

रविवारी ती कॅसेट माझ्याकडे लागली, जयाबाईही आली होती. भावकू खिन्न होता. "मला टाळ ऐकूच येईनात, बाई. समदं सपक लागतंय."

"टाळ आहेत," मी म्हटले. "गाण्याच्या मागे आहेत, आणि ओळ संपली की वर येतात. छान वाटते."

तो शेवटपर्यंत आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत बसला. मग कॅसेट काढून खिशात ठेवत म्हणाला, "हीच द्यायची."

यात्रेत पहाटेपासून तीच वाजत होती. मारुतीराव म्हणाले, "आता बसलं बघ." पखवाज अजून कमीच आहे, ही गुंडूची तक्रार आली तेव्हा भावकू मनापासून हसला. "ते मला चांगलं ऐकाय येतंय, गुंड्या. बरोबर हाय ते."

पुढे तो कामावर कानात कापूस घालू लागला आणि शेजारच्या यंत्रावरच्यांनाही घालायला लावू लागला. कॅसेटी तो निवृत्तीनंतरही करीत होता, टाळांचे बटण जयाबाईकडेच होते. यात्रेतल्या कॅसेटची एक प्रत त्याने मला दिली, ती अजून माझ्याकडे आहे. वेष्टनावर त्याच्या ठसठशीत अक्षरात गायन, पेटी आणि पखवाज करणाऱ्यांची नावे आहेत. टाळांपुढे एकच नाव आहे, जयाबाई. टाळकरी त्यावर बरेच दिवस कुरकुरत होते.