लग्नाला नेण्याजोगा चाकू

अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडल्यापासून मी लग्नाकार्याला जाणंच सोडलं होतं. पण पुतणीच्या लग्नाला जायचंच, असं ठरवलं. एकट्या डाव्या हाताने पोळी तुटत नाही, म्हणून मी बायकोला घेऊन दुकानात घडीचे चाकू पाहायला गेलो.

"अहो, मी भरवीन ना," बायको म्हणाली.

"नको. तू तुझं जेव."

जाडजूड चाकू मी बाजूला सारले. शिंपल्याच्या मुठीचा एक नाजूक चाकू डाव्या अंगठ्याने अलगद उघडला. लोकांची नजर माझ्या हाताकडे जाणारच. मग तिथे काहीतरी देखणं असावं.

पंगतीत मी पुरणपोळीचे सावकाश तुकडे केले. शेजारचे व्याही म्हणाले, "सुरेख आहे हो! बघू जरा?"

"थांबा," मी म्हटलं, "आधी जेवू द्या."