दोऱ्यावर फोडलेलं खापर

माझी सून निफाडला घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. मागे एका लग्नाला जायचं होतं, म्हणून तिनं माझ्या हनुवटीवरचे चार केस दोऱ्यानं काढले. थोड्याच दिवसांत तिथंच गळू आलं. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. गोळ्या चालू असेपर्यंत गळू सुकायचं, संपल्या की पुन्हा वाहायचं. मग भारीतल्या गोळ्या झाल्या. तरी तेच.

"दोरा बाधला, दुसरं काय! आपण नाय बाई जायचं आता," शेजारीण दारातच म्हणाली. हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या. सून रिकाम्या खुर्चीपुढचा आरसा पुसत बसायची आणि मी ब्रसुद्धा काढत नव्हते.

कसा काढणार? हनुवटीच्या वरचाच दात आदल्या वर्षी चांगला ठणकला होता. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दाबून मी तो गप्प केला होता. आणि मशेरी तर मी कधीच सोडलेली, असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगून बसलेले! रोज सकाळी न्हाणीघराला कडी लावून घासत होते. आपलं ठेवायचं झाकून, तशातली मी.

शेवटी सून मला नाशिकला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी गळू चाचपून विचारलं, "आजी, दात दुखतो का?"

"नाही," मी म्हणाले. तरी त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे धाडलंच. तिथं आ करावा लागला. काळे दात आणि फटींतली सकाळचीच मशेरी सुनेनं पाहिली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक्स-रेत दाताच्या मुळाशी पू दिसला. तोच हनुवटीतून बाहेर येत होता. "मूळ आत तसंच ठेवून गोळ्या किती खाणार?" डॉक्टर म्हणाले.

दात काढला. परतताना बसमध्ये सुनेनं हळूच विचारलं, "आई, दुखायचा ना?" मी तोंडातल्या कापसाकडे बोट दाखवलं.

गळू भरून आल्यावर शेजारीण भुवया करायला आली. मी स्वयंपाकघरात होते. सून सांगत होती, "आईंचा दात किडला होता, काकू. त्याचा पू होता तो." मशेरीचं नाव नाही.

"मग इतके दिस बोलल्या कशा नाय?"

"त्यांना तरी कुठं माहीत होतं!"

मी बाहेर जायला हवं होतं. हातातलं पातेलं घासून केव्हाच लख्ख झालं होतं, तरी मी ते घासत राहिले.