पानातला घरजावई

शहरातल्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि रोज फुलंब्रीहून ये-जा करते. मी एकुलती एक, म्हणून लग्नानंतर पाचोडचा माझा नवराच आमच्या घरी राहायला आला. गावानं घरजावई म्हणून हौसेनं चिडवलं. तो हसायचा आणि शेताकडं जायचा. आमच्या पडीक रानात त्यानं मोसंबीची बाग उभी केली.

एकच गोष्ट त्याला सलायची. त्याच्या कुलदैवताचे चांदीचे टाक येताना त्यानं बरोबर आणले होते, पण ते कपाटात गुंडाळलेलेच राहिले. "आता आमचंच देव तुमचं," असं वडील मोठ्या मायेनं म्हणाले होते. मायेपुढं कोण काय बोलणार? यंदा नवरात्राच्या तोंडावर तो म्हणाला, "टाक पाचोडला भावाकडं ठेवून येतो." देव गेले की माणूसही मनानं जातो.

त्या संध्याकाळी ओसरीवर मी दुसऱ्या दिवसाचा धडा चाळत होते. शेंगा फोडता फोडता वडिलांनी विचारलं, "काय शिकिवती उद्या?"

मी सांगितलं. पानातला हिरवा कण, हरितलवक, मुळात बाहेरचा. फार फार पूर्वी तो स्वतंत्र जीवाणू होता. एका मोठ्या एकपेशी जिवानं त्याला गिळलं, पण पचवलं नाही. तो आतच राहिला, उन्हावर अन्न रांधू लागला. आपली बहुतेक जनुकं त्यानं हळूहळू पेशीच्या केंद्रकाच्या हवाली केली. हे शिकवताना मला दर वर्षी नवल वाटतं. आपल्या ताटातला घास न् घास या पाहुण्याच्या कष्टाचा आहे.

"म्हंजी घरजावईच की," वडील हसले.

"व्हय. पण थोडी जनुकं त्यानं अजून स्वतःपाशीच ठेवलीत."

"आन् घराला चालतं ते?"

"घराचं काय बिघडतं? उलट पोट भरतं."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. मी मुद्दाम बोलले का? थोडंसं. वडील मात्र शेंगा फोडत राहिले.

घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी आमचे टाक विड्याच्या पानांवर मांडले. मग दुसरं ताम्हण घासून शेजारी ठेवलं, त्यातही पानं मांडली आणि हाक मारली, "जावईबापू, तुमचं देव आणा. आमच्यात मिसळू नका, ह्येच्यात ऱ्हाऊ द्या."

नवऱ्यानं कपाटातून टाक आणले, पण इतक्या दिवसांत घट्ट बसलेली फडक्याची गाठ त्याला लवकर सुटेना. मी मदतीला गेले नाही. त्याचे देव त्यानंच मांडले.